न पिणाऱ्याची शपथ

फेब्रुवारी संपत आला की हिंगोलीहून नांदेडकडे जाणाऱ्या रस्त्याला शिजलेल्या हळदीचा वास धरतो. उकडलेल्या रताळ्यासारखा, पण मागे थोडा कडवट, मातीचा. एसटीत बसलेली नवखी माणसं नाकाला रुमाल लावतात. आमच्या भागातल्या माणसाला तो वास आला म्हणजे चार पैसे आले, असं वाटतं. मला मात्र गेली आठ वर्षं तो वास आला की माझेच दोन शब्द आठवतात. 'हो, पितात.' एका दवाखान्यात, डॉक्टरांनी माझ्या वडिलांना विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं होतं. माझा बा दारू पीत नव्हता. आयुष्यात कधी प्याला नव्हता. तो यकृताच्या कर्करोगानं गेला आणि आमच्या पंचक्रोशीत आजही त्याचं नाव निघालं की लोक म्हणतात, दारूनं गेला. हे लोकांना मी सांगितलंय. मी शिक्षक आहे, माझं म्हणणं लोक खरं धरतात.

आमचा तांडा साखऱ्याजवळचा. जमीन कोरडवाहू, तीही माळाची. खरीप झालं की गडीमाणसं ऊसतोडीला नाहीतर वसमत-कळमनुरीकडच्या हळदीच्या मळ्यांत जायची. बा हळद शिजवायला जायचा. त्या कामात त्याचं नाव होतं. लोखंडी कढईत ओली हळकुंडं भरायची, वर हळदीचाच वाळलेला पाला पसरून ओलं गोणपाट टाकायचं आणि खाली जाळ घालायचा. किती वेळ, हे घड्याळावर नसतं. कच्ची उतरवली तर रंग धरत नाही, जास्त शिजली तर हळकुंड वाळल्यावर पोकळ होतं. बा गोणपाट बाजूला सारून वाफेत तोंड घालायचा, एक हळकुंड उचलून अंगठ्याखाली दाबायचा आणि म्हणायचा, ''काढा.'' एवढ्या एका शब्दासाठी मळेवाले त्याला बोलवायला माणूस धाडायचे. महिना-दीड महिना तो धुरात असायचा. घरी यायचा तेव्हा डोळे लालभडक, पाय जड, चाल हेलपाटल्यासारखी. मी ते लांबून पाहिलेलं आहे, आणि लांबून पाहणाऱ्याला जे दिसतं तेच मला दिसलं.

लांबून का, तर मी सहाव्या वर्षी आश्रमशाळेत गेलो. माझी आई अंबादासच्या, म्हणजे माझ्या धाकट्या भावाच्या बाळंतपणानंतर वर्षभरात गेली. बा हंगामाला बाहेर, मग पोरांना कोण बघणार? पुढे अंबादासही माझ्यामागोमाग त्याच आश्रमशाळेत आला. घर आम्हाला दिवाळी, होळी आणि मे महिना एवढंच माहीत. आणि त्या सुट्ट्यांत बा मला दिसायचा तो बहुतेक वेळा हातात दारूचं भांडं घेऊन.

आमच्याकडे जुनी रीत होती. तांड्यात भांडण झालं, सोयरिकीत अढी आली, की नायकाच्या ओट्यावर पंच बसायचे. वाद मिटला की दोन्ही बाजूंनी एकत्र बसून घोटभर घ्यायची, म्हणजे मिटला. ती वाटायची कोणी? ज्याच्या हाताला कमीजास्त होणार नाही त्यानं. एकाला फुलपात्र भरून आणि दुसऱ्याला अर्धं दिलं तर मिटलेलं भांडण तिथंच पुन्हा उभं राहायचं. आणि वाटणारा स्वतः पिणारा असला तर दोन वाट्यांनंतर त्याचा हात ऐकत नाही. म्हणून तांड्यानं न पिणारा माणूस त्या कामाला नेमलेला होता. तो माझा बा. ही गोष्ट तांड्यातल्या प्रत्येक म्हाताऱ्याला माहीत होती. ती कोणी मुद्दाम सांगावी अशी नव्हतीच. सूर्य कुठून उगवतो हे कोणी सांगतं का? मी मात्र सुट्टीत यायचो, नायकाच्या ओट्यावर भांडं घेऊन उभा असलेला बा पाहायचो आणि वही-पेनाशी खेळत मनातल्या मनात निकाल लावून मोकळा व्हायचो.

पुढे मी हिंगोलीत डी.एड. केलं. तिथं खोलीतल्या मुलांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, ''तुझ्या तांड्यावर मोहाची चांगली मिळते म्हणं. आण की एकदा.'' मी हसलो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते, पण तेव्हा लाज वाटली ती तांड्याची. जातीवरून कोणी टोमणा मारला की माणूस एकतर मारणाऱ्याचा राग करतो, नाहीतर आपल्या माणसांचा. आपल्या माणसांचा राग करायला धाडस लागत नाही. मी सोपं ते केलं. जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी लागली आणि मी दारूबंदीचा झेंडा हातात घेतला. काम खोटं नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे. हातभट्टीनं आमच्याकडे संसार मोडलेले मी पाहिलेत. पण लोकांना शहाणं करायला निघालेल्या माणसानं आधी आपल्या घरात विचारपूस करावी, एवढी अक्कल मला नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

तर ते वर्ष. हिंगोलीचा जिल्हा होऊन वर्ष व्हायचं होतं. कचेऱ्यांवर नवे फलक लागत होते आणि बसस्थानकावर लोक 'आपला जिल्हा' असं म्हणून बघत होते. बा नेहमीसारखा हळदीला गेला आणि पंधराव्या दिवशी परत आला. असं कधी झालं नव्हतं. म्हणाला, ''भूक लागून नाही राहिली. दोन घास खाल्ले की पोट भरतंय.'' अंगावरचा सदरा सैल झाला होता आणि पोट तेवढं पुढं आलं होतं. उजव्या बरगडीखाली हात धरून बसायचा. डोळे पिवळे होते, पण हळदीच्या हंगामात आमच्याकडे पिवळं कोण नसतं? हात, नखं, धोतराचे काठ, सगळं तसंच. त्यानंही लक्ष दिलं नाही आणि मीही.

हिंगोलीच्या एका दवाखान्यात मी त्याला नेलं. डॉक्टर घाईत होते, बाहेर पन्नास माणसं बसलेली. त्यांनी पोट दाबून पाहिलं, डोळ्याची पापणी ओढली आणि विचारलं, ''तांड्यावरचे का?'' मी हो म्हणालो. ''पितात का?''

बानं डॉक्टरांकडे तोंड वळवलं होतं. तो उत्तर देणार होता. मी ते पाहिलं आणि त्याच्या आधी म्हणालो, ''हो, पितात.''

मला घाई होती ती कसली, हे मी पुष्कळदा स्वतःला विचारलंय. खरं सांगायचं तर मला डॉक्टरांना दाखवायचं होतं की मी त्यातला नाही. बाप पितो, पण मुलगा सरळ सांगतो, लपवत नाही, शिकलेला आहे. त्या खोलीत मला डॉक्टरांच्या बाजूला बसायचं होतं. बा माझ्याकडे बघत राहिला. रागानं नाही. एखाद्या सरकारी कागदावर अंगठा उठवण्याआधी तो जसा समोरच्या बाबूकडे बघायचा, तसं त्यानं माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरांनी लिहिलं, लिव्हर खराब, दारू बंद. पंधरा दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि पुढचं नाव पुकारलं.

होळी आमच्या तांड्यात एका दिवसाची नसते. आधी पंधरा दिवस लेंगी म्हणजे होळीची गाणी घुमायला लागतात. बाया एकीकडे, गडी एकीकडे, एकमेकांना टोमणे देत, डफावर थाप मारत. माळावरचे पळस पेटलेले असतात, दुपारचा वारा सुटतो आणि कुठूनतरी हळदीच्या पाल्याचा धूर येतो. लहानपणी मला वर्षभर या दिवसांची आस असायची. त्या वर्षी मी या सगळ्याकडे इन्स्पेक्टरच्या नजरेनं बघत होतो. मी ठरवलं होतं की यंदा होळीपुढं तांड्याला दारू सोडण्याची शपथ द्यायची. पण पहिला कोण उभा राहणार? पहिल्या माणसाविना शपथेला बळ येत नाही. मला पहिला माणूस घरातच सापडला.

होळी पेटवायच्या आधी, अजून उजेड होता, सगळे जमलेले, तेव्हा मी बोललो. चांगलं बोललो असणार, कारण पोरं टाळ्या वाजवत होती. शेवटी म्हणालो, ''दुसऱ्याला सांगायच्या आधी माणसानं आपल्या घरापासून सुरुवात करावी. माझ्या बाचं लिव्हर दारूनं खराब झालंय. डॉक्टरांनी लिहून दिलंय. आज सगळ्यांत पहिली शपथ माझा बा घेईल.''

म्हातारी माणसं एकमेकांकडे बघायला लागली. गोवर्धन नायक, तेव्हा सत्तरीच्या पुढचे, ओट्यावरून अर्धे उठले आणि म्हणाले, ''मास्तर, हे तू काय बोलून राहिला?''

मला वाटलं, म्हातारे चिडले. दुखत्या जागी बोट पडलं की माणूस चिडतोच. तेवढ्यात बा उठला. पोट हातानं सावरत होळीपुढं आला, नायकांकडे बघून हलकेच मान हलवली. 'राहू द्या' अशी. मग हात वर करून म्हणाला, ''आजपासून म्या दारूला शिवणार न्हाई. सेवालाल महाराजाची आन.''

पुढं जे झालं त्याचं वर्णन मी कितीतरी व्यासपीठांवरून केलं आहे. बाच्या मागोमाग एक म्हातारा उठला. मग दुसरा. तांड्यातले नामांकित पिणारे, ज्यांना बायकापोरांच्या रडण्यानं फरक पडला नव्हता, ते एकेक करून उठले. नऊ जण. मला वाटलं, माझ्या भाषणानं उठले. किती वर्षं वाटत होतं. त्यातल्या एकानं मरायच्या आधी मला सांगितलं, ''ज्यानं कधी तोंडाला लावली न्हाई, तो माणूस उभा राहून सोडतो म्हणाला. मंग आमी कोणत्या तोंडानं बसावं?''

त्या गर्दीत अंबादासही होता. बावीस वर्षांचा, नुकताच नांदेडच्या आयटीआयमधून बाहेर पडलेला. त्यानंही शपथ घेतली. आणि घरी आल्यावर बाशी एक शब्द बोलला नाही. मला म्हणाला, ''आई गेली तवा आमाला आश्रमशाळेत टाकलं अन् हा इथं पीत बसला. आता शपथ घेऊन काय उपयोग?'' मी त्याला समजावलं नाही. मोठ्या भावाच्या मोठेपणानं म्हणालो, ''जाऊ दे, सोडली ना.''

पाडवा झाला तरी बाचं पोट उतरेना, उलट वाढलं. मग नांदेडला नेलं. तिथं सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं, आणखी एक तपासणी बाहेरून करून आणायला लावली. तिथल्या डॉक्टरबाई तरुण होत्या, बसा म्हणाल्या. मी सवयीनं आधीच सांगून टाकलं, ''होळीपासून पूर्ण बंद आहे.'' त्यांनी विचारलं, ''काय बंद आहे?''

मग त्यांनी कागद घेतला आणि चित्र काढलं. ही यकृताची जागा. ही गाठ. आणि इथं आणखी दोन. हा कर्करोग आहे आणि शस्त्रक्रियेची वेळ गेलेली आहे. काविळीचा एक विषाणू असतो, बी म्हणतात त्याला. तो रक्तातून येतो. न उकळलेल्या सुईतून, एकाच ब्लेडनं दाढ्या केल्या तर त्यातून, कधी आईकडून बाळाला. आला की वीस-तीस वर्षं यकृतात गप्प बसतो. माणसाला काही दुखत नाही, तो राबत राहतो. आत यकृत हळूहळू निबर होतं आणि मग एखाद्याला अशी गाठ येते. ''दारूनंही यकृत जातं,'' त्या म्हणाल्या, ''पण या गाठीला दारू लागतेच असं नाही. यांच्या रक्तात तो विषाणू आहे. घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासून घ्या. ज्याला नसेल त्याला लस देता येते. ज्याला असेल त्याला दर सहा महिन्यांनी बघत राहावं लागतं, म्हणजे वेळेत सापडतं. आणि एकत्र जेवल्यानं काही होत नाही, ताट वेगळं करू नका.'' मग त्या बाकडे वळल्या, माझ्याकडे नाही. ''बाबा, तुम्ही दारू घेत होतात का?''

''न्हाई, बाई,'' बा म्हणाला. ''कधीच न्हाई.''

बाहेर चिंचेखाली बाकावर बसलो. मी विचारलं, ''बा, मग हिंगोलीला बोलला काहून न्हाईस?''

तो जरा विचार करून म्हणाला, ''मला वाटलं, कागदात तसंच लिहावं लागत असंल. तुमच्या शाळेत नाव घातलं तवा मास्तरनं दोघांची जन्मतारीख एक जूनच लिहिली होती. तू शिकलेला, तुला ठाऊक असंल म्हणलं.''

''अन् होळीला?''

''होळीला तू सगळ्यांपुढं बोलून बसला होता. म्या न्हाई म्हणलो असतो, तं तू खोटा पडला असता. तुझी नोकरी हाय. लेकरं तुझ्यासमोर बसतात.'' मग बरगडीखालचा हात न काढता म्हणाला, ''मला कोणी इचारलं असतं तं सांगितलं असतं.''

या वाक्यावर मी खूप वर्षं काढली आहेत. शाळेत आम्ही मुलांना सांगतो, प्रश्न विचारा, लाजू नका. मी पंचवीस वर्षांचा झालो तरी माझ्या बापाला एक प्रश्न विचारला नव्हता. त्याच्या बाबतीतली सगळी उत्तरं माझ्याकडे तयार होती.

पुढचे चार महिने बा त्या आजारासोबत राहिला. लढला वगैरे शब्द मला वापरवत नाहीत. तो राहिला, जसा एखाद्या अवघड सोयऱ्यासोबत माणूस राहतो. मी त्याला समजावून सांगितलं, बकऱ्याच्या पोटात काळीज म्हणतो ना आपण, ते. त्याला गाठी झाल्यात. त्यानं दोन प्रश्न विचारले आणि मग स्वतःच म्हणाला, ''हळदीला कंदाची सड लागते तसं. वरून पाला हिरवाच दिसतो.'' त्याला रोग समजला होता. माझ्यापेक्षा लवकर आणि सरळ समजला. चार-चार घास करून तो दिवसातून सहा वेळा खायचा. मीठ कमी करा म्हणाले तर आळणी पिठलं कुरकुर न करता खाल्लं. अंगाला खाज सुटायची, काविळीची, तेव्हा ओलं फडकं फिरवून घ्यायचा. आडवं झालं की दम लागायचा म्हणून पाठीशी पोतं लावून बसून झोपायचा. पोटात पाणी भरलं की नांदेडला जाऊन काढून यायचो, आणि येताना त्याचा चेहरा मोकळा झालेला असायचा. एकदा अशाच परतीच्या वाटेवर त्यानं एसटी थांबवायला लावली, रस्त्याकडेच्या खळ्यावर वाळत घातलेली हळद उचलून दाबली आणि त्या अनोळखी शेतकऱ्याला सांगितलं, ''अजून तीन दिवस ऊन दे.'' कंडक्टर ओरडत होता. बा आरामात येऊन बसला.

आणि आता ती गोष्ट, जी लिहायला मी हा लेख लिहायला घेतला आणि जिच्याभोवती इतका वेळ फिरतो आहे.

आमच्या होळीची बातमी पसरली होती. एक मे रोजी तालुक्याच्या गावी झेंडावंदनानंतर माझा सत्कार ठरला. 'स्वतःच्या वडिलांना व्यसनमुक्त करणारे शिक्षक.' निमंत्रण आलं तेव्हा मला नांदेडचं सगळं माहीत होतं. मी नाही म्हणू शकत होतो. मी बाला विचारलं, जावं का? तो म्हणाला, ''जायचं. म्या बी येतो. तुझा सत्कार अन् बाप न्हाई, लोक काय म्हणतील?'' रात्री कागदावर भाषण लिहिलं. ठरवलं की व्यासपीठावर खरं सांगायचं. तसं खाली दोन ओळींत लिहूनही ठेवलं. मग माईकपुढं उभा राहिलो, समोर साहेब लोक, शाळांची मुलं, पहिल्या रांगेत पांढरं धोतर नेसून पोट सावरत बसलेला बा. आणि मी जुन्या होळीचं भाषण म्हटलं. ''माझ्या वडिलांनी आयुष्यभराच्या व्यसनावर मात केली...'' अध्यक्षांनी बाला उभं राहायला सांगितलं. तो उभा राहिला. मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि माझ्या बानं, कधी न प्यालेल्या माणसानं, सगळ्यांना हात जोडले.

परत येताना गाडीत तो म्हणाला, ''चांगला बोलला तू. आवाज लांबपर्यंत जात होता.'' त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, मी शोधून पाहिला.

श्रावणात बा गेला. शेवटचे दोन दिवस तो ओळखत नव्हता, मळ्यातल्या लोकांशी बोलत होता, जाळ कमी करा म्हणत होता. अंबादास आला, खांदा दिला आणि तिसऱ्या दिवशी निघून गेला. नंतर कुठल्याही वर्षश्राद्धाला आला नाही. त्यानं वारंगा फाट्यावर टायर-पंक्चरचं दुकान टाकलं, लग्न झालं, दोन मुलं झाली. घरात त्यानं बाचा फोटो लावला नाही. सुपारीचं खांडसुद्धा खात नाही. शपथ त्याच्याइतकी कडक कोणी पाळली नाही, आणि ती बावरच्या रागानं पाळली, हे मला ठाऊक होतं.

बा गेला त्याच वर्षी मी नांदेडला जाऊन माझं रक्त तपासून घेतलं. गुपचूप. विषाणू नव्हता. मी लस घेतली, बायकोला दिली, पुढे मुलांनाही. अंबादासला सांगितलं नाही. त्याला 'रक्त तपास' म्हणायचं तर 'कशाला' याचं उत्तर द्यावं लागलं असतं, आणि त्या उत्तरात माझी होळी, माझा सत्कार, माझी शाल सगळंच आलं असतं. पुढच्या खेपेला सांगू, असं म्हणत आठ वर्षं गेली. ज्या घरात एकाच ब्लेडनं बा आम्हा दोघांची डोकी भादरायचा, त्या घरातल्या एका भावानं स्वतःला वाचवलं आणि दुसऱ्याला सांगितलं नाही. याला भित्रेपणा म्हणणंसुद्धा मला सूट दिल्यासारखं वाटतं.

यंदा, हळदीच्याच दिवसांत, अंबादासचा फोन आला. फाट्यावर अपघात झाला होता. जखमीबरोबर तो नांदेडला गेला, रक्त द्यायला हात पुढं केला. चार दिवसांनी त्याला बोलावून सांगितलं, तुमचं रक्त चालत नाही, काविळीचा बी आहे, डॉक्टरला दाखवा. ''दादा, काहीतरी गडबड झाली त्यांची,'' तो हसत होता. ''लिव्हरचा आजार म्हणून राहिले. म्या कुठं पितो? जो प्यायचा तो गेला.''

दुसऱ्या दिवशी शाळेत रजा टाकून मी वारंग्याला गेलो. रस्ताभर कढया लागल्या होत्या. दुपारची वेळ, अंबादास ट्रकचं चाक उतरवून बसला होता. मी त्याच्याजवळ रिकाम्या डब्यावर बसलो आणि सगळं सांगितलं. ओट्यावरचं भांडं बाच्या हातात का असायचं ते. डॉक्टरांच्या खोलीतले माझे दोन शब्द. चिंचेखालचं बाचं बोलणं. एक मेचं भाषण. माझं रक्त, माझी लस. सांगताना मी कुठेही थांबलो नाही. थांबलो असतो तर पुन्हा काहीतरी गाळलं असतं.

त्यानं हातातला पाना खाली ठेवला. आधी विचारलं, ''लेकरांचं तपासावं लागंल?'' मी हो म्हणालो, तुझ्या बायकोचंही, उद्याच, मी घेऊन जातो, आणि तुझी सोनोग्राफी, दर सहा महिन्यांनी. आता गोळ्याही आहेत. वेळेत सापडलं तर माणूस नीट जगतो.

''वेळेत,'' तो म्हणाला. मग टायरकडे बघतच त्यानं विचारलं, ''तू तुझं कवा तपासलं म्हणतोस?''

''बा गेला त्याच साली.''

त्यानं मान हलवली. मला वाटलं, आता तो मारेल. मारायला हवं होतं. ''मंग म्या आठ वर्सं राग धरला,'' तो हळू म्हणाला, ''तो कोणावर धरला, दादा? लेकरांना सांगत आलो, तुमचा आजा दारुडा होता. त्याच्यासारखं होऊ नका.''

त्यानं फडक्यानं हात पुसले, खिशातून मोबाइल काढला आणि घरी लावला. बायकोला म्हणाला, ''पोरीला दे.'' पोरगी पाच वर्षांची. ''सोनू, ऐक. तुझ्या आजाबद्दल म्या सांगितलं होतं ना, ते खोटं हाय. खरं काय ते तुझे मोठे बाबा सांगून राहिलेत. त्यांनाच ठाऊक हाय.''

आणि त्यानं फोन माझ्या हातात दिला. पलीकडून ती म्हणत होती, ''हॅलो. हॅलो. मोठे बाबा, बोला ना.''